घरातील मत्स्यपेटी : आजारी मासे वाचवावेत कसे?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत आरोग्य, शिक्षण, करनियोजन असे विषय अपेक्षित असतात. त्यांत मासे कोठून आले, असा प्रश्न अनेकांच्या मनात आला असेल. परंतु चिकलठाणा आणि सिडको परिसरातील आपल्या समाजाच्या घरांत जाऊन पाहावे. पूर्वी दिवाणखान्याच्या ज्या कोपऱ्यात रेडिओ असे, त्या कोपऱ्यात आता काचेची पेटी दिसते. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय वापरले जात नाही, त्याच घरात पंचेंद्रिय जलचर जीव आठ दिवसांत एकापाठोपाठ एक मरतात आणि ते का मेले हे कोणालाच उमगत नाही. त्यामुळे हा विषय केवळ छंदाचा राहत नाही.

साधारणपणे घडते ते असे. मुलाचा वाढदिवस असतो किंवा नव्या घराची वास्तुशांत असते. कोणीतरी सुचवतो की पूर्वेला किंवा उत्तरेला मासे ठेवावेत, आठ सोनेरी आणि एक काळा, म्हणजे घरात बरकत येते. ही फेंगशुईची चिनी कल्पना गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडे एवढी रुळली आहे की ती आपल्याच वास्तुशास्त्रातील आहे, असे अनेकांना वाटते. दुकानातून दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी येते. रंगीत खडे, प्लॅस्टिकची झाडे, बुडबुडे सोडणारी मोटर आणि पिशवीत नऊ गोल्डफिश येतात. संध्याकाळी पेटी भरली जाते, दिवा लागतो, सारे घर भोवती बसते. पहिले तीन दिवस अपूर्वाईचे जातात. ज्याला वाटेल तो येता-जाता चिमूटभर खाद्य टाकतो.

चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी किंचित दुधाळ दिसू लागते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. ‘आजी, मासे पाणी पिताहेत!’ म्हणून मूल टाळ्या वाजवते. वास्तविक ते गुदमरत असतात. सहाव्या दिवशी एक मासा तळाशी आडवा पडलेला सापडतो, सातव्या दिवशी दोन. मग धावपळ सुरू होते. दुकानदार निळ्या औषधाची बाटली देतो, ती ओतली जाते. तरीही मासे मरतात, तेव्हा घरातील एखादी कामसू व्यक्ती पेटी रिकामी करते, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुते आणि सगळे पाणी नवे भरते. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. शेवटी पेटी गच्चीवर जाते आणि घरात ठरून जाते की आपल्याला मासे लाभत नाहीत.

यात लाभ-अलाभाचा काही संबंध नाही. नव्या पेटीतील बहुतेक मासे कोणत्याही रोगाने मरत नाहीत. ते स्वतःच्याच उत्सर्गाच्या विषाने मरतात. हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढचे सगळे उपाय आपोआप स्पष्ट होतात.

मासा जे खातो त्यातील नत्राचा टाकाऊ भाग तो प्रामुख्याने कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. नदीत किंवा तलावात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. आपल्या दोन फुटी पेटीचे माप मात्र दोन घनफूट, म्हणजे सुमारे छप्पन लिटर. खडे आणि वरची रिकामी जागा वजा करता प्रत्यक्ष पाणी पन्नास लिटरच्या आत-बाहेर. त्यात नऊ गोल्डफिश, म्हणजे एकाच्या वाट्याला साडेपाच लिटर. गोल्डफिश हा भरपूर खाणारा आणि भरपूर घाण करणारा मासा आहे. त्याला प्रत्येकी निदान तीस-चाळीस लिटर पाणी असावे. बंद खोलीत चूल पेटवून माणसे कोंडावीत, तशी ही अवस्था असते. अमोनिया कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो आणि पाण्यात प्राणवायू असूनही माशाला तो घेता येत नाही.

मग जुन्या पेट्यांतील मासे वर्षानुवर्षे कसे जगतात? तेथे पाण्यात आपल्याला न दिसणारे कामकरी असतात. फिल्टरच्या स्पंजावर आणि खड्यांवर काही जिवाणू वस्ती करतात. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तर दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारी आहे. नायट्रेट मात्र त्या मानाने पुष्कळ सौम्य असून आठवड्याला थोडे पाणी बदलले की आटोक्यात राहते. नव्या पेटीत या कामकऱ्यांची संख्या नगण्य असते. ती पुरेशी वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात अमोनिया वाढतो. तो उतरू लागतो तोवर नायट्राइट चढते आणि तेही उतरले म्हणजे पेटी राहण्यायोग्य झाली. छंदी मंडळी याला ‘पाणी पिकणे’ म्हणतात. शब्द चांगला आहे. कच्च्या पाण्यात मासे सोडणे हीच सगळ्या दुःखाची सुरुवात.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. घरातील मत्स्यपेटीचा शास्त्रशुद्ध प्रयोग लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने केला आणि १८५० मध्ये प्रसिद्ध केला. त्याने काचेच्या टाकीत गोल्डफिश आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. वनस्पतींची पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा ती खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या आणि टाकी स्थिरावली. कुजणाऱ्या पदार्थांचे नत्र पुढे कोठे जाते, हे तेव्हा ठाऊक नव्हते. योगायोग असा की त्याचाच मुलगा, वडिलांचेच नाव धारण करणारा, पुढे रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात याच नत्राच्या स्थित्यंतरावर दीर्घकाळ काम करीत राहिला. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे काम करणारे जिवाणू वेगळे काढून दाखवले. पाठ्यपुस्तकांत नायट्राइट संपवणाऱ्या जिवाणूचे नाव नायट्रोबॅक्टर असे दिलेले असते. गोड्या पाण्याच्या पेट्यांत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा जातीचे जिवाणू करतात, हे १९९८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे ज्या गोष्टीवर आपल्या दिवाणखान्यातील माशाचे प्राण अवलंबून आहेत, ती नीट समजायला विज्ञानाला दीडशे वर्षे लागली. दुकानदाराला दोष देताना हेही लक्षात ठेवावे.

आता प्रत्यक्ष संकटाकडे वळू. पेटी दहा दिवसांची आहे, चार मासे गेले, पाच उरले आहेत आणि ते वरती धापा टाकत आहेत. काय करावे?

सर्वप्रथम खाद्य बंद. दोन-तीन दिवस एक कणही टाकू नये. हे ऐकताच घरातील बायाबापड्यांचा जीव कळवळतो. पाठशाळेत शिकलेल्यांना अहिंसाणुव्रताचे अतिचार आठवतात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आश्रित प्राण्याचे अन्नपाणी तोडणे हा दोष, मग माशांना उपाशी कसे ठेवायचे? शंका योग्य आहे. पण मासा आपल्यासारखा उष्ण रक्ताचा नाही. शरीर गरम ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही आणि धडधाकट मोठा मासा आठवडाभर अन्नावाचून सहज राहतो. विषबाधा झालेल्याला वैद्य लंघन सांगतो, तसेच हे लंघन समजावे. या पेटीत खरा दोष घडला आहे तो चौथा, अतिभारारोपण. बैलगाडीत पेलेल त्याहून अधिक ओझे भरणे म्हणजे अतिभार, हे आपल्याला कळते. पन्नास लिटरमध्ये नऊ मासे भरणे हाही अतिभारच आहे, हे कळत नाही.

दुसरे, पाणी बदलणे. सगळे एकदम नव्हे, रोज एक-चतुर्थांश. येथे व्यापारी मंडळींना एक हिशेब सांगितला तर चटकन उलगडेल. घटत्या शिल्लक पद्धतीचा घसारा आपण सारे जाणतो. शंभर रुपयांच्या यंत्रावर दरसाल पंचवीस टक्के घसारा धरला, तर पहिल्या वर्षी पंचाहत्तर, दुसऱ्या वर्षी सव्वाछप्पन, तिसऱ्या वर्षी सुमारे बेचाळीस उरतात. पेटीतील विषाचेही तसेच. रोज चौथा हिस्सा पाणी काढले तर तीन दिवसांत विष निम्म्याहून खाली येते. मात्र यंत्राची किंमत मध्येच वाढत नाही, मासे मात्र रोज नवी भर घालत असतात. म्हणून हा क्रम तीन दिवसांत थांबवायचा नाही. पाणी पिकेपर्यंत, म्हणजे महिनाभर, कधी रोज तर कधी दिवसाआड तो चालू ठेवावा लागतो. अवस्था फारच बिकट असेल तर पहिल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोनदा बदलावे. दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे छोटे संच मिळतात. माशांच्या औषधाच्या तीन बाटल्यांपेक्षा असा एक संच अधिक उपयोगी. अंदाज बांधण्याऐवजी खरा आकडा हाती येतो. दोन्ही आकडे शून्यावर स्थिर होईपर्यंत खाद्य अत्यल्प आणि पाणी बदलणे चालू, एवढे सूत्र पुरे.

पाणी काढताना ते वरून तांब्याने काढू नये. नळी लावून तळाच्या खड्यांजवळून ओढावे, म्हणजे तेथे साचलेली विष्ठा आणि कुजके खाद्यही निघते. नवे पाणी जुन्याइतकेच कोमट वा गार असावे. मेलेला मासा दिसताच काढावा, ‘सकाळी बघू’ म्हणू नये. कुजणारे एक शरीर उरलेल्या चौघांचे विष होते.

तिसरे, हवा. मोटर पूर्ण क्षमतेने चालू ठेवावी. पाण्याच्या पृष्ठभागावर खळबळ हवी, कारण प्राणवायू बुडबुड्यांतून फारसा मिसळत नाही, तो हलत्या पृष्ठभागातून अधिक मिसळतो.

चौथे, मीठ. पण कशासाठी, ते समजून घ्यावे. मीठ अमोनियावर काहीही करत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट चढते तेव्हा ते कल्ल्यांवाटे रक्तात शिरून रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेते. कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात. मिठातील क्लोराइड कल्ल्यांच्या त्याच वाटेवर नायट्राइटशी स्पर्धा करते आणि त्याला आत येऊ देत नाही. यासाठी लिटरला एक ग्रॅम, म्हणजे आपल्या पेटीला पन्नास ग्रॅम खडे मीठ पुरेसे आहे. ते वेगळ्या भांड्यात विरघळवून दोन-तीन वेळा विभागून घालावे. मीठ उडून जात नाही, म्हणून नंतर जेवढे पाणी काढले तेवढ्याच पाण्यापुरते मीठ पुन्हा घालावे. पेटीत खरी झाडे किंवा मांगूर जातीचे बिनखवल्यांचे मासे असतील तर मिठाबाबत हात आखडता ठेवावा.

आणि पाचवी गोष्ट, जी करायची नाही ती. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. ज्या कामकऱ्यांची आपण वाट पाहतो आहोत त्यांनी स्पंजावरच संसार थाटलेला असतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते. स्पंज तुंबलाच तर पेटीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळून परत लावावा. निळे औषध, प्रतिजैविके यांनीही हेच जिवाणू मरू शकतात. औषध देण्याची खरोखर वेळ आलीच, तर त्या माशाला पंधरा-वीस लिटरच्या स्वच्छ टबात वेगळे काढून तेथे द्यावे. सगळ्या पेटीत ओतणे म्हणजे एका रुग्णासाठी सबंध गावाच्या विहिरीत काढा घालण्यासारखे आहे.

हे सर्वसाधारण झाले. आपल्या गावाच्या पाण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. आपल्या शहराचे पाणी पैठणच्या नाथसागरातून येते. फारोळ्याला शुद्ध होऊन नक्षत्रवाडीमार्गे आपल्यापर्यंत पोहोचते. वर्षानुवर्षे या शहराने नळाला रोज पाणी पाहिलेले नाही. काही दिवसांच्या अंतराने ते आले की आपण हौद आणि गच्चीवरची टाकी भरून घेतो. माशांच्या दृष्टीने ही गैरसोय काही अंशी वरदान ठरते. क्लोरीन उघड्या भांड्यात चोवीस तासांत बरेचसे उडून जाते. मोटर सोडली तर आणखी लवकर. म्हणून नळाला नुकतेच आलेले ताजे पाणी पेटीत कधीही घालू नये. दोन बादल्या भरून, फडके बांधून एक दिवस ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी त्या वापराव्यात. घाई असेल तर दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात. त्यांतील मुख्य द्रव्य बहुधा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटो स्टुडिओंत फिल्म धुताना वापरली जाणारी ‘हायपो’च. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणाबाहेर जाऊ नये. टँकरच्या पाण्यात तर क्लोरीनचा अंदाजच बांधता येत नाही, म्हणून ते आणखी एक दिवस ठेवलेले बरे.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, म्हणून अनेक जण तेच भरतात. आपल्या काळ्या बेसाल्ट खडकातील पाणी मात्र बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. गोल्डफिश आणि गप्पी यांना जड पाणी मानवते. अडचण दुसरीच आहे. पाण्याचा सामू सात असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा-पाऊण टक्का भाग जहाल रूपात असतो. सामू आठ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे नळाच्या आणि बोअरच्या पाण्यात तपासणीचा आकडा सारखा आला, तरी बोअरच्या पाण्यातील मासा आधी कोसळू शकतो. यामुळेच एका घरात जे चालले ते शेजारच्या घरात चालत नाही. आज नळाचे, उद्या बोअरचे असे आलटून-पालटून पाणी घालणे तर सर्वांत वाईट.

उन्हाळ्याबद्दल वेगळे सांगायला नको. वर्तमानपत्रांत शहराचे तापमान छापून येते ते आपल्याच चिकलठाणा वेधशाळेचे, आणि एप्रिल-मे महिन्यांत ते चाळिशी पार करते. वीस अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्याचा मासा. गरमीत त्याची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्यातील साठा घटतो. पत्र्याच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या खिडकीपाशी पेटी ठेवू नये. दुपारी झाकण काढून त्यावर जाळी टाकावी, म्हणजे पाण्याची वाफ होऊन ते थोडे थंडावते. बर्फाचे खडे पेटीत टाकण्याचा अघोरी प्रयोग करू नये. फारच झाले तर बर्फाची बंद पिशवी थोडा वेळ तरंगत ठेवावी. हिवाळ्यात नेमके उलटे होते. पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा गोल्डफिश तग धरतो, पण गप्पी, मोली, एंजल या उष्ण प्रदेशातील जाती गारठतात. त्यांना हीटर हवा.

भारनियमनाचे दिवस ज्यांनी अनुभवले त्यांना वीज गेल्यावर काय होते ते ठाऊक आहे. आजही वळवाच्या पावसात तारा तुटल्या की चार-चार तास अंधार असतो. मोटर बंद पडली की मासे तर धापा टाकतातच, शिवाय स्पंजातील जिवाणूंनाही प्राणवायू लागत असल्याने काही तासांत तेही मरू लागतात. बॅटरीवर चालणारी छोटी मोटर फार महाग नसते. ती नसेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी मगभर पाणी पेटीतूनच घेऊन फूटभर उंचीवरून परत ओतत राहावे. घरातील मुलांना हे काम दिल्यास ती आनंदाने करतात.

आता खऱ्या रोगाकडे. नव्या पेटीत सर्वांत अधिक दिसणारा रोग म्हणजे पांढरे ठिपके. माशाच्या अंगावर आणि परांवर रवा भुरभुरल्यासारखे दाणे दिसतात आणि तो खड्यांना अंग घासू लागतो. हा इक्थिओफ्थिरियस नावाचा एकपेशीय परजीवी आहे. आपल्याकडील शोभिवंत मासे बहुतांशी कोलकाता परिसरातून आणि चेन्नईच्या कोलत्तूर भागातून येतात. अनेकदा पिशव्या बदलत, दोन-दोन दिवसांचा प्रवास करून ते आलेले असतात. आधीच शिणलेला जीव कच्च्या पाण्यात पडला की प्रतिकारशक्ती खचते आणि परजीवीला संधी मिळते. ठिपका माशावर पोसला की गळून तळाशी जातो, तेथे त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती पोहत नवा मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती संपतात. औषध वा मीठ लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेत. माशावरचा ठिपका औषधाला दाद देत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी ठिपके गेले म्हणून उपचार थांबवणारा घरमालक आठव्या दिवशी दुप्पट ठिपके पाहतो. उपचार दहा ते चौदा दिवस अखंड चालला पाहिजे. लिटरला दोन-तीन ग्रॅमपर्यंत मीठ दोन दिवसांत विभागून चढवणे आणि रोज तळाचे खडे नळीने साफ करणे, एवढ्यावरही पुष्कळ मासे वाचतात. हीटर असल्यास पाणी हळूहळू अठ्ठावीस अंशांपर्यंत नेले तर परजीवीचे चक्र लवकर पुरे होते.

यावर आपल्यातील एखादी वृद्ध श्राविका विचारील, एक जीव वाचवायला हजारो सूक्ष्म जीव मारायचे का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे शास्त्रीय उत्तर मुनिश्रींकडून घ्यावे. व्यवहारापुरते एवढेच दिसते की दारात आलेला रोग निस्तरताना हिंसा टळत नाही, रोग येऊ न देताना ती टळू शकते. नवा मासा आणल्यावर त्याला दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवले आणि पिशवीतील पाणी पेटीत ओतले नाही, तर औषधाची वेळ सहसा येत नाही.

त्याच दयाबुद्धीतून आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मात्र ठामपणे थांबवली पाहिजे. मासे वाचत नाहीत असे दिसले की ‘निदान मोकळे तरी होतील’ म्हणून ते हर्सूल तलावात, सलीम अली सरोवरात किंवा सुखना नदीत सोडले जातात. काही जण पुण्यकर्म म्हणून दुकानातून मासे विकत घेऊन सोडतात. आजारी मासा तेथे तासाभरातच कोणाचे तरी भक्ष्य होतो. जगला तर अधिक वाईट. काच साफ करणारा म्हणून जो सकरफिश विकला जातो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. पेट्यांतून बाहेर पडून तो आज भारतातील कित्येक नद्या-तलावांत पसरला असून मच्छीमारांची जाळी फाडतो आणि स्थानिक माशांचे अन्न संपवतो. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या तिलापिया माशाने आपल्या जलाशयांत काय केले, ते सर्वश्रुत आहे. पेटीतला मासा नको झाला तर तो दुकानदाराला परत द्यावा किंवा जाणत्या छंदी माणसाकडे सोपवावा. पाण्यात सोडू नये.

खाद्याच्या डब्याकडेही एकदा चष्मा लावून पाहावे. बहुतेक तयार खाद्यात माशांची भुकटी असते आणि ‘जिवंत खाद्य’ म्हणून विकले जाणारे ट्युबिफेक्स हे तर उघडच किडे आहेत. आपल्या घरात ही वस्तू आपल्याच हाताने रोज टाकली जाते, याची अनेकांना कल्पना नसते. गोल्डफिश सर्वभक्षी असल्याने त्याला वाफवून साल काढलेला वाटाणा, पालक, शेवाळ आणि सोयाबीनपासून केलेले खाद्य यांवर पुष्कळ अंशी सांभाळता येते. परंतु अरोवाना, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न हे मांसभक्षी मासे आहेत. वास्तूसाठी कोणी कितीही महत्त्व सांगितले, तरी श्रावकाच्या घरात त्यांना आणण्याचे कारण दिसत नाही. एवढेच नव्हे, तर बंध हा पहिलाच अतिचार असताना पेटी मुळात आणावी का, हाही प्रश्न ज्याने त्याने आणण्यापूर्वीच विचारावा. आणल्यावर तो विचारण्याचा काही उपयोग नाही. मग उरते ती केवळ जबाबदारी.

ज्यांना आणायचीच आहे त्यांच्यासाठी मार्ग सोपा आहे. पेटी आणावी, पाणी भरावे, मोटर चालू करावी आणि मासे आणू नयेत. रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या पाण्यात टाकत राहावे. ते कुजून अमोनिया होतो आणि त्यावर जिवाणू वाढतात. महिना-दीड महिन्याने तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की पन्नास लिटरला एक, फार तर दोन लहान गोल्डफिश आणावेत. तेही वाढले की मोठी पेटी लागेल हे गृहीत धरावे. मुलांना महिनाभर रिकामी पेटी दाखवणे अवघड जाते, पण दही लावल्यावर रात्रभर भांडे हलवायचे नसते हे त्यांना ठाऊक असते. आणि दह्यासारखेच येथेही विरजण चालते. ज्या घरातील पेटी सहा महिने निरोगी चालली आहे, तेथील स्पंजाचा एक तुकडा त्याच पाण्यात बुडवून, डब्यात घालून ताबडतोब आणावा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. वाटेत तो सुकता कामा नये. महिन्याचे काम कधी कधी दहा-बारा दिवसांत होते. मासे मरू लागलेल्या पेटीलाही हा सर्वांत गुणकारी उपाय आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

शेवटी यात्रेचा प्रश्न उरतो, कारण तो हमखास विचारला जातो. सम्मेदशिखरजी किंवा पालिताण्याला आठ-दहा दिवस जायचे असेल तर निघण्याच्या दोन दिवस आधी एक-चतुर्थांश पाणी बदलावे, दिवा बंद करावा आणि मोटर चालू ठेवावी. किल्ली शेजाऱ्यांकडे असेल तर त्यांच्या हाती खाद्याचा डबा देऊ नये. शेजारधर्म म्हणून ते अर्धा डबा संपवतात. कागदाच्या तीन पुड्या बांधाव्यात, प्रत्येकीत चिमूटभर, आणि वर तारीख घालावी.